‘वन पीस’ थ्री-इन-वन, पहिला भाग: येणारे-जाणारे खलनायक कामाचे की भरतीचे?

शंभरच्या वर खंड झालेली मालिका घ्यायची म्हटलं की आधी खिशाचा हिशोब होतो आणि मग शंका येते: सुरुवातीचे ते किरकोळ गुंड, जे एक-दोन प्रकरणांत मार खाऊन गायब होतात, ते वाचायचेच कशाला? सरळ पुढे येणाऱ्या आर्लाँग या मोठ्या खलनायकापासून धरलं तर? एइचिरो ओडाच्या ‘वन पीस’ या समुद्री चाच्यांच्या जपानी चित्रकथेचा व्हिझ मीडियाने इंग्रजीत काढलेला पहिला थ्री-इन-वन (मूळ खंड १ ते ३, प्रकरणं १ ते २६) या शंकेवर घासून बघायला उत्तम, कारण यातले बहुतेक खलनायक किरकोळच आहेत.

पहिल्याच प्रकरणातला डोंगरी दरोडेखोर हिगुमा घ्या. ५६ माणसं मारल्याची फुशारकी, डोक्यावर ८० लाख बेरीचं (तिथलं चलन) बक्षीस. तो चाच्यांचा कप्तान शँक्स याच्या अंगावर दारू ओततो, शँक्स हसून सोडून देतो. तोच हिगुमा कथेच्या नायकाला, लहानग्या लुफीला, हात लावतो, तेव्हा शँक्सची टोळी बंदुका काढते. आपला अपमान गिळायचा, मित्राला त्रास झाला तर गिळायचा नाही, हा पुढच्या हजारभर प्रकरणांचा कायदा इथे मांडला जातो. एवढं झाल्यावर हिगुमाला समुद्रातलं जनावर खाऊन टाकतं, आणि ते योग्यच. त्याचं काम संपलेलं असतं.

अल्विडाही तशीच. एका प्रकरणाची बाई, हातात लोखंडी गदा, लुफीच्या एका ठोशात आडवी. पण ते प्रकरण तिचं नाहीच, कोबीचं आहे. दोन वर्षं तिच्या जहाजावर राबलेला पोरगा तिच्या तोंडावर खरं बोलतो. त्याला घाबरायला कोणीतरी हवं होतं, ती जागा तिने भरली.

खरा कस लागतो तो कॅप्टन मॉर्गनच्या प्रकरणांत, साधारण तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत. स्वतःचा पुतळा उभारून घेणारा, एका हाताच्या जागी कुऱ्हाड बसवलेला नौदलाचा अधिकारी. या एका माणसाकडून ओडाने तीन कामं करून घेतली आहेत. नौदल म्हणजे न्याय, हा कोबीचा समज मोडला. समुद्री चाच्यांना पकडणाऱ्या झोरोला चाच्यांच्याच बाजूला यावं लागलं. आणि मॉर्गन पडल्यावर त्याचेच शिपाई आनंदाने ओरडतात, म्हणजे दोष गणवेशाचा नाही, हेही तिथल्या तिथे ठरलं. (आधी अॅनिमे पाहिलेल्यांसाठी: इंग्रजी पुस्तकात ‘झोलो’ छापलंय, ती छपाईची चूक नव्हे.)

अशा प्रकरणाची परीक्षा सोपी आहे. खलनायकावर बोट ठेवून विचारायचं, हा नसता तर पुढच्या पानावर कोणाचा निर्णय बदलला असता? उत्तर मिळालं तर पानं सार्थकी. चाच्यांचा कप्तान बगी याच्या टोळीत या परीक्षेला एक पास होतो, एक काठावर राहतो. टोळी बघून सोलापूरकराला गड्ड्यावरची सर्कस आठवेल, पण सिंह घेऊन फिरणारा मोहजी नुसता विदूषक नाही. मेलेल्या मालकाचं दुकान राखत बसलेल्या कुत्र्याचं ते दुकान तो जाळतो. लुफी त्याला बडवून कुत्र्यासाठी खाण्याचा एक डबा परत आणतो, आणि चाच्यांचा तिटकारा असलेल्या नामीची नजर तिथे पहिल्यांदा मऊ होते. एकचाकी सायकलवरचा काबाजी मात्र मार्कांसाठी झगडतो. झोरो जखमी असून किती सोसतो हे दाखवायला तो आलाय, पण ते तर मॉर्गनच्या आवारात खांबाला बांधलेल्या झोरोने आधीच दाखवलं होतं. तेच काम दुसऱ्यांदा झालं की प्रकरण जड होतं.

बगी स्वतः किरकोळ वाटतो, पण नाही. पुढे, १०५३ व्या प्रकरणात, तो समुद्राच्या चार सम्राटांपैकी, म्हणजे सर्वांत बलाढ्य चाच्यांपैकी, एक ठरतो! त्याचं पहिलं भांडण चाळलेल्या वाचकाला तो विनोद निम्माच कळेल.

मासिकाची रीतही लक्षात घ्यावी. ‘वीकली शोनेन जंप’मध्ये १९९७ पासून दर आठवड्याला वीसेक पानं, वर वाचकांच्या पसंतीची मोजणी. नव्या मालिकेला सहा महिने वाट बघायला लावणारा खलनायक परवडत नाही, दर काही आठवड्यांनी कोणीतरी पडावं लागतं. एकगठ्ठा वाचताना त्याच घाईचा थकवा येतो. म्हणून सातव्या आणि एकविसाव्या प्रकरणानंतर पुस्तक मिटावं. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाता-जाता पहिले दोन खंड निवांत होतात. बाविसावं प्रकरण वेगळं वाचावं: पेटीत अडकलेला गायमन, खलनायक कोणीच नाही, आणि तरीही भागातलं सर्वांत नेटकं प्रकरण. खलनायकाशिवायही चालतं, पण एकाच प्रकरणापुरतं.

आता पुस्तक म्हणून. कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, लवकर पिवळा पडतो. दोन पानांवर पसरलेली चित्रं मधल्या शिवणीत बुडतात, मूळ रंगीत पानं करड्या छटेत येतात. बांधणी डिंकाची आहे आणि सोलापूरचा एप्रिल-मे ४२-४३ अंशांचा. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलं की डिंक मऊ होतो, आणि त्याच अवस्थेत पुस्तक ताणून उघडलं तर पानं सुटतात. नवं पुस्तक एकदम मधून उघडू नये. पुढून आणि मागून दहा-दहा पानं हलकी दाबत मध्यापर्यंत यावं. पार्सल आल्यावर कोपरे आणि पाठीचा कणा आधी तपासावा. वाचायचं उजवीकडून डावीकडे.

एक अडचण मोठी. हा भाग चाचा कॅप्टन कुरोचा डाव उघड होताच मध्येच तुटतो, त्यामुळे दुसरा (खंड ४ ते ६) सोबतच मागवावा. त्यात दोन गोष्टी हातातून निसटू देऊ नका. ३५ व्या प्रकरणापासून प्रकरणांच्या पहिल्या पानावर बगीची वेगळी चित्रकथा चालते. लोक ती पानं उलटतात आणि पुढे अल्विडा त्याच्यासोबत कशी, म्हणून गोंधळतात. आणि पाचव्या खंडात कळतं की मॉर्गनला बढती मिळाली ती कुरोच्या खोट्या अटकेमुळे. पहिल्या खंडातला येणारा-जाणारा गुंड इथे मागल्या दाराने परत कामाला येतो.

तिसऱ्या भागाची घाई नको. डॉन क्रीग या खलनायकाला सहाव्या खंडापासून आठव्यापर्यंत जागा दिली आहे, आणि चिलखत, बॉम्ब, विषारी वायू यांच्या यादीपलीकडे तो फारसा सरकत नाही. त्या प्रकरणांतलं जे लक्षात राहतं ते तलवारबाज मिहॉक आणि स्वयंपाकी सांजी व झेफ यांचं. हिगुमाइतकी पानं दिली असती तर तोही खपला असता.