प्रबंध लगेच खुला करावा, की काही काळ बंद ठेवावा?

लगेच खुला केलेला प्रबंध शोधात सापडतो, त्याचे संदर्भ दिले जातात, आणि कल्पना आधी तुमची होती याला तारखेचा पुरावा मिळतो. नोकरी शोधणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

एम्बार्गोत, म्हणजे प्रबंध ठरावीक काळ बंद ठेवला की, पूर्ण मजकूर झाकला जातो. शीर्षक आणि सारांश बहुधा दिसतच राहतात. पेटंट घ्यायचं असेल तर हाच मार्ग धरा. युरोपात अर्जाआधी प्रबंध खुला झाला की पेटंटला लागणारं नावीन्यच संपतं. अमेरिकेत त्यानंतरही अर्ज करायला एक वर्षाची सवलत आहे. सारांशही जपून लिहा, नेमकं सूत्र तिथे गेलं तर एम्बार्गोचा उपयोग नाही.

प्रबंधाचं पुस्तक करण्यासाठी म्हणाल, तर अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन या इतिहासकारांच्या संघटनेने २०१३ मध्ये ६ वर्षांपर्यंतच्या एम्बार्गोची बाजू घेतली होती. प्रकाशक पुस्तक नाकारेल या नुसत्या भीतीपोटी मात्र मी प्रबंध बंद ठेवणार नाही. ज्यांनी संशोधनासाठी तासन्‌तास मुलाखती दिल्या, त्यांना तो वाचायला मिळायला हवा.