चेफालूतलं भाड्याचं घर आणि भलत्याच हिवाळ्याचं वीजबिल

इटलीत महिना-दोन महिने घर भाड्याने घेऊन राहायचा बेत असेल, तर हे आधी वाचा. आमचे पाचशे युरो गेले ते गेलेच.

लेक पालेर्मोला शिकते. तिच्याजवळ राहायचं, पण शहराचा गोंगाट नको, म्हणून आम्ही दोघांनी चेफालूत घर घेतलं. ट्रेनने साधारण तासाभराचं अंतर. गावाबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही. राजा दुसरा रॉजर याने 1131 मध्ये बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, आत सोनेरी मोझेइकमधला भव्य ख्रिस्त, डोक्यावर उभा ठाकलेला ‘रोक्का’चा कडा. आणि ते जुनं धुणीघर! दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की सिंहमुखांतून गार पाण्याच्या धारा पडत असतात. हे तिथे जाऊन बसले की तास तास उठायचे नाहीत.

घर जवळच्याच बोळात. मालक पन्नाशीचा, गोडबोल्या. आल्या आल्या लिंबांची पिशवी हातात ठेवली. करार मात्र एक नाही, दोन केले. पहिले तीस दिवस यांच्या नावावर, पुढचे तीस माझ्या. म्हणे, कागदपत्रं सोपी होतात. कोणाला सोपी, ते लेकीच्या मैत्रिणीकडून नंतर कळलं. एकाच भाडेकरूला वर्षात एकूण तीस दिवसांहून जास्त घर दिलं, तर करार तिथल्या कर खात्यात नोंदवावा लागतो. नावं दोन, करार दोन, नोंदणीचा प्रश्नच मिटला. डिपॉझिट त्याने रोख घेतलं आणि पावतीवर तारखा घातल्या फक्त पहिल्या कराराच्या.

वीज ‘वापराप्रमाणे’ ठरली होती. तिकडे घरगुती जोडणी सहसा तीन किलोवॉटची. ओव्हन आणि गीझर एकदम लावले की अंधार. त्यामुळे वापर बेताचाच. तरी निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटो आला: 480 युरो. वर सफाईचे 20. बेरीज बरोब्बर डिपॉझिटएवढी!

लेकीने फोटो मोठा करून पाहिला. बिलाचा कालावधी नोव्हेंबर-डिसेंबर, आणि आम्ही आलो होतो मार्चमध्ये. मीटर जिन्याखाली होता. त्याचं बटण दाबलं की पडद्यावर ग्राहक क्रमांक येतो. तोही बिलाशी जुळेना. म्हणजे घरही दुसरंच. फोनवर हे सगळं ऐकवल्यावर साहेबांचा सूर बदलला. पावती पहिल्या कराराची, तो करार संपला, दुसऱ्यात डिपॉझिटचा उल्लेखच नाही! दोन करारांचा हाही उपयोग. नंतर फोन बंद. सकाळी आमचं विमान.

किल्ली घेताना मालकाला शेजारी उभं करून मीटरच्या आकड्यांचा फोटो काढा, निघताना पुन्हा काढा. डिपॉझिट बँकेतूनच पाठवा आणि कारणाच्या रकान्यात घराचा पत्ता व पूर्ण मुक्कामाच्या तारखा लिहा. नवरा-बायकोचे वेगळे करार कोणी पुढे केले, तर सरळ दुसरं घर बघा. शिवाय 2025 पासून अशा घरांच्या जाहिरातीत ‘चिन’ (CIN) नावाचा सरकारी क्रमांक देणं बंधनकारक आहे आणि तो इमारतीबाहेरही लावावा लागतो. नसेल, तर पैसे पाठवण्याआधीच मागा.