देवमाशांच्या जनुकीय खुणांवरील कार्यशाळा : बेळगावातील दोन दिवस

सागरी सस्तन प्राण्यांच्या समूहांमधील संबंध जनुकीय खुणांवरून, म्हणजे डीएनएमधील ओळखू येणाऱ्या फरकांवरून, कसे ओळखावेत, या विषयावर टिळकवाडीत झालेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी खानापुरातून जाऊन हजर राहिलो. बेळगावचा समुद्राशी संबंध एरवी मासळीबाजारापुरताच, त्यामुळे आमच्या प्राणिशास्त्र विभागात या बेताची थोडी थट्टाही झाली. 1,800 रुपये शुल्क मात्र एका सत्राचा अपवाद वगळता वसूल झाले, असे मी म्हणेन.

पहिला दिवस उत्तम होता. पेशीच्या केंद्रकाबाहेरचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए केवळ आईकडून येतो आणि मायक्रोसॅटेलाइट खुणा, म्हणजे केंद्रकातील डीएनएचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, दोन्ही पालकांकडून येतात, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. पण त्यातून काय निष्पन्न होते, ते इथे हम्पबॅक देवमाशांच्या उदाहरणाने नीट उलगडले. पिल्लू आईमागून ज्या चराऊ क्षेत्रात जाते, तिथेच ते पुढे आयुष्यभर परतत राहते, म्हणून चराऊ क्षेत्रांचे मातृवंश वेगळे दिसतात. परंतु विणीच्या उबदार पाण्यात निरनिराळ्या क्षेत्रांतील नर-मादी एकत्र येत असल्याने केंद्रकीय खुणांमध्ये तितका फरक उरत नाही. उत्तर अटलांटिकमधील त्वचेच्या 3,060 नमुन्यांतून 2,368 वेगवेगळे देवमासे ओळखणाऱ्या 1997 च्या अभ्यासाचीही चर्चा झाली. शिकवणाऱ्या बाईंचे मराठी स्वच्छ होते आणि बैलहोंगलच्या विद्यार्थ्यांसाठी त्या तेच कन्नडमध्ये पुन्हा सांगत होत्या.

माझी तक्रार दुसऱ्या दिवसाच्या सकाळच्या सत्राविषयी आहे. दोन समूहांतील जनुकीय फरक मोजणारा एफएसटी हा निर्देशांक काढून झाल्यावर, त्याच आकड्यावरून दर पिढीत किती प्राणी इकडून तिकडे जातात, हे सूत्रात घालून सरळ काढायला लावले गेले. हे सूत्र समूह दीर्घकाळ समतोलात आहेत असे गृहीत धरते, आणि शिकारीने ज्यांची संख्या शतकभरात कोसळली, त्या देवमाशांना ते लावणे धाडसाचेच आहे. शिवाय फरक कमी आढळला म्हणजे ये-जा चालूच आहे असे होत नाही. दोन मोठे समूह अलीकडेच विभक्त झालेले असले, तरी तेच उत्तर येते. मी हा प्रश्न विचारला तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले.

त्याहून अधिक खटकले ते अरबी समुद्राच्या उदाहरणाला एकच पारदर्शिका मिळाली हे. ओमानजवळच्या हम्पबॅक देवमाशांचा समूह सुमारे 70,000 वर्षे इतरांपासून अलग राहिला असावा, असा अंदाज 2014 मध्ये जनुकीय खुणांवरूनच मांडला गेला. याच समूहातील लुबान नावाची मादी 2017 च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आल्याचे उपग्रहाने टिपले होते. एका प्राण्याचा प्रवास आणि पिढ्यांमधील जनुकांची देवाणघेवाण या दोन गोष्टींतला भेद समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण चोरला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या आम्हांला कोणते द्यायचे?

चहाबरोबर कुंदा होता. संगणक मात्र प्रत्येकाने स्वतःचाच न्यावा, कारण तिथे तिघांत एक मिळतो. आणि संध्याकाळचे सत्र लांबते, तेव्हा खानापूरकडच्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवावी.