मधल्या पदाची फोड की वर्गसमीकरणाचे सूत्र?

(६क्ष² + क्ष − १२) / (४क्ष² − ९) या राशीला सोपे रूप देताना अंशाचे अवयव कोणत्या रीतीने पाडावेत, असे एका विद्यार्थिनीने विचारले. मधल्या पदाची फोड करताना −७२ (म्हणजे ६ × −१२) हा गुणाकार आणि १ ही बेरीज देणाऱ्या संख्या शोधाव्या लागतात. ९ आणि −८ सापडताच (२क्ष + ३)(३क्ष − ४) हे अवयव मिळतात; छेद (२क्ष + ३)(२क्ष − ३) असल्याने सामाईक अवयव (२क्ष + ३) जाऊन (३क्ष − ४) / (२क्ष − ३) उरते. क्ष ची किंमत ±३/२ नसावी, ही अट दोन्ही रीतींत लिहायलाच हवी. सूत्राने विवेचक (सूत्रातील वर्गमुळाखालची संख्या) २८९, म्हणजे १७ चा वर्ग, येतो व ४/३ आणि −३/२ ही मुळे अंदाजाशिवाय मिळतात; परंतु मुळांवरून (क्ष − ४/३)(क्ष + ३/२) असे अवयव लिहिल्यावर त्यांना ६ ने, म्हणजे क्ष² च्या सहगुणकाने, पुन्हा गुणायचे राहून गेले, तर उत्तरच चुकते. सहगुणक लहान असतील तर फोड करावी. ते मोठे असतील, किंवा अवयव पडतात की नाही याचीच शंका असेल, तर सूत्र वापरावे.