पोहणं आणि ब्लीच केलेले सोनेरी केस: चार महिन्यांचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात केस ब्लीच करून सोनेरी केले आणि पोहायला लागल्यावर पंधरा दिवसांत टोकं हिरवट झाली. जो तो म्हणे, क्लोरीन. तलावाची देखभाल करणाऱ्या काकांनी खरं कारण सांगितलं: शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, टाकतात. माझं माहेर निफाडचं. द्राक्षांच्या फवारणीसाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) कालवताना मोरचुदाचे निळे खडे लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे लगेच उलगडा झाला. त्यातलं तांबं केसांतल्या प्रथिनाला धरून बसतं. ब्लीचनं केस सच्छिद्र होतात, म्हणून ते जास्तच ओढून घेतात. काळ्या केसांत हा रंग दिसत नाही, इतकंच.

यंदा मार्च ते जून, आठवड्यातून पाच दिवस पोहले. पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली केस अगदी निथळेपर्यंत भिजवायचे. आधीच साध्या पाण्यानं भरलेल्या केसात तलावाचं पाणी कमी शिरतं. मग टोकांना खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब, घट्ट वेणी आणि वर सिलिकॉनची टोपी. तेल मुळांशी लावलं तर टोपी घसरते, हे पहिल्याच दिवशी कळलं. आधीची लॅटेक्सची टोपी काढताना केस उपटायची, हिचा तो त्रास नाही. पण टोपीनं पाणी पूर्ण अडत नाही. मानेजवळून शिरतंच.

बाहेर आल्यावर लगेच केस धुते. आठवड्यातून एकदा पोहणाऱ्यांसाठीचा ईडीटीए असलेला शाम्पू. तो तांबं धरून बाहेर काढतो. रोज वापरून पाहिला, तर केस काथ्यासारखे झाले. आता एकदाच, आणि नंतर भरपूर कंडिशनर. जांभळ्या शाम्पूवर मात्र पैसे घालवू नका. तो पिवळेपणा मारतो, हिरवेपणावर त्याचा काही उपयोग नाही.

दर रविवारी पांढऱ्या टॉवेलवर वेणीचं टोक धरून खिडकीच्या उजेडात बघते. यंदा टोकं सोनेरीच राहिली, खूप बरं वाटलं. मानेजवळची एक बट जूनमध्ये हिरवट झाली. तिला व्हिटॅमिन सीची पूड पाण्यात कालवून वीस मिनिटं लावली, तर निम्मा रंग उतरला. उरलेल्यासाठी पुढच्या रविवारी परत लावणार आहे.