डायनॅमो हब: २०० ते १२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेपर्यंतचा अनुभव

६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचा, विचार डोक्यात शिरला की दिव्यांचा प्रश्न येतोच. बॅटरीचे दिवे आणि दोन-तीन पॉवर बँका घेऊन भागवायचं, की पुढच्या चाकात डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरताना वीज तयार करणारा चाकाचा मधला भाग, बसवून मोकळं व्हायचं? मी हब घेतला. सरावाच्या राइड, मग २००, ३००, ४०० आणि ६०० अशी पूर्ण एसआर (सुपर रँडोनियर) मालिका आणि शेवटी १२०० किलोमीटर, असा सगळा हंगाम त्याच एका चाकावर काढला. पाऊस, थंडी, खराब रस्ता, लांब चढ हे सगळं त्यात आलं.

माझी जोडणी अशी: श्मिट कंपनीचा एसओएन २८ हब, ३२ स्पोकचं चाक, ३२ मिमीचा टायर. हेडलाइट फोर्क क्राउनवर, म्हणजे पुढच्या चाकाच्या लगेच वर, जिथे फोर्कचे दोन पाय जुळतात. तिथून निघालेली वायर फ्रेमच्या कडेने मागे टेललाइटपर्यंत. हँडलबारपाशी यूएसबी चार्जर आणि दिवा की चार्जिंग हे ठरवायला एक छोटा स्विच. हेडलाइट आणि चार्जर वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत.

हबच्या आत चुंबकांची कडी फिरते आणि मधल्या गुंडाळीत एसी करंट, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट, तयार होतो. सायकलच्या डायनॅमोचं ठरलेलं माप ६ व्होल्ट, ३ वॅट, म्हणजे साधारण अर्धा अँपिअर. वेग वाढला तरी करंट फारसा वाढत नाही, गुंडाळीच तो आवरून धरते. त्यामुळे उतारावर सायकल सुसाट सुटली तरी दिवा जळण्याची भीती नाही. या हबमध्ये २६ चुंबकीय ध्रुव आहेत. अगदी हळू चालवताना करंटची ही ये-जा इतकी संथ होते की दिवा लुकलुकायला लागतो. माझ्या हेडलाइटमध्ये हे चालण्याच्या वेगाच्या थोडंसं वरपर्यंत दिसतं, पुढे उजेड स्थिर होतो.

पूर्ण उजेडासाठी ताशी १५ किलोमीटरच्या आसपासचा वेग लागतो. ब्रेव्हेची वेळमर्यादाही याच आकड्याभोवती बांधलेली आहे. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४० तास, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी १५. वेळेत पोहोचायचं असेल तर चाकं फिरत असताना यापेक्षा वेगानेच जावं लागतं. म्हणजे जो मर्यादेत आहे त्याला सपाटीवर उजेडाची चिंता नाही. १२०० साठी ९० तास मिळतात, सरासरी तेरा-साडेतेरावर येते, पण तो सैलपणा झोपेसाठी असतो. सायकलवर असताना वेग तोच ठेवावा लागतो.

आता मुख्य गोष्ट, उजेड. माझा हेडलाइट जर्मन नियमांप्रमाणे वरची कड कापलेला आहे. उजेड रस्त्यावरच पसरतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. पहिल्या रात्री हा उजेड बॅटरीच्या जोरदार दिव्यांपेक्षा कमी वाटला. गोल झोत टाकणारे दिवे पायापुढचा रस्ता पांढराफटक करतात, म्हणून खूप उजेड आहे असं वाटतं, पण त्या चकाकीमुळे लांबचं दिसेनासं होतं. इथे जवळ मवाळ आणि लांब जास्त असा उजेड पडतो, त्यामुळे पायापासून पन्नास पावलांपर्यंत रस्ता एकसारखा दिसतो. हे डोळ्यांना किती सोयीचं आहे ते रात्री दोननंतर कळतं. हेडलाइट हँडलबारऐवजी खाली फोर्कवर असल्याने खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डा आधी दिसतो. हँडलबारच्या बॅगेची अडचणही होत नाही. ज्यांना दिवा वर लावायचा आहे त्यांनी निदान एक रात्र खाली लावून बघावा.

उणीव वळणावर आहे. झोत सरळच जातो. उतारावरच्या अरुंद वळणांवर सायकल वळायच्या आत नजर वळलेली असते आणि तिथे काळोख असतो. त्यासाठी हेल्मेटवर छोटा बॅटरीचा दिवा हवाच. रस्त्यावरची पाटी वाचायला, ब्रेव्हे कार्ड (थांब्यांवर शिक्के घ्यायचं कार्ड) शोधायला, पंक्चर काढायलाही तोच लागतो. डायनॅमो आहे म्हणून दुसरा दिवा नको, हे मला पटत नाही. शिवाय बरेच आयोजक निघण्याआधी पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तपासतात, आणि वायर तुटली तर रात्री रस्त्यावर दिव्याविना राहणं धोक्याचं आहे. मागे मी वायरच्या टेललाइटबरोबर बॅटरीचा एक वेगळा टेललाइट ठेवते. थांबल्यावर आतल्या कॅपॅसिटरमध्ये साठलेल्या थोड्या विजेच्या जोरावर डायनॅमोचे पुढचा-मागचा दोन्ही दिवे काही मिनिटं मंद तेवत राहतात, चौकात किंवा रस्त्याकडेला ते पुरतं.

चार्जिंगबद्दल जाहिरातीत जे वाटतं आणि जे होतं, त्यात बरंच अंतर आहे. ३ वॅटने दहा तास म्हणजे कागदावर ३० वॅट-तास. चार्जरमधली गळती, चढावरचा कमी वेग आणि थांबे वजा केले तर हातात त्याहून बरंच कमी पडतं. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॅट-तास मावतात. म्हणजे दिवसभर चालवूनही ती रिकामीची पूर्ण भरत नाही. सायकल कॉम्प्युटर, हेल्मेटचा दिवा आणि मोजकाच वापरलेला फोन एवढ्याला हे पुरेसं आहे. फोनवर नकाशा सतत उघडा ठेवून गाणी ऐकायची असतील तर पुरणार नाही. दिवा लावून चार्जिंग करायला गेलं तर दोन्ही अर्धवट होतं. म्हणून माझी पद्धत ठरून गेली: उजेड असेपर्यंत चार्जिंग, अंधार पडला की स्विच दिव्याकडे.

फोन थेट चार्जरला लावू नये. वेग कमी झाला की करंट तुटतो, परत येतो, पुन्हा तुटतो. फोन प्रत्येक वेळी स्क्रीन उजळवतो आणि मिळालेलं तिथेच घालवतो. मधे छोटी पॉवर बँक ठेवली की हा खेळ थांबतो, पण घेताना एका बाजूने भरत असताना दुसऱ्या बाजूने देणारी आहे ना, हे तपासून घ्या. सगळ्या तशा नसतात.

लांब चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की चार्जिंग बंदच पडतं. दिवा लागतो, पण त्याची धार जाते. या वेगाला रस्ता दिसायला तेवढा उजेड पुरतो, मागून येणाऱ्या गाडीला आपण नीट दिसू का याची मात्र मला काळजी वाटते. म्हणून रात्रीच्या चढावर मी बॅटरीचा टेललाइट न चुकता लावते. ज्यांच्या मार्गात रात्रभर चढच चढ आहेत, त्यांनी डायनॅमोवर सगळा भार टाकू नये.

पायांवर किती ओझं पडतं, हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. दिवा बंद असताना मला काहीच जाणवत नाही. चालू असताना ३ वॅट द्यायला हब पायांकडून चार ते सात वॅट घेतो असं धरा, वेगाप्रमाणे ते बदलतं. लांब पल्ल्याला आपण १२०-१५० वॅटवर चालवत असलो, तर दहा तासांच्या रात्रीत या ओझ्याने फार तर पाव तास जाईल, असा माझा हिशेब आहे. कंट्रोलवर (कार्डावर नोंद करायच्या थांब्यावर) चार्जिंगचा प्लग शोधण्यात आणि फोन भरेपर्यंत बसून राहण्यात याहून जास्त वेळ जातो. वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, साध्या पुढच्या हबपेक्षा पाव किलोहून थोडं जास्त. दिवा चालू असताना ठरावीक वेगाला हँडलबारमध्ये बारीक थरथर येते. ती हबच्या रचनेतूनच येते, बेअरिंग गेल्याचं लक्षण नाही.

त्रास दिला तो वायरने. ६०० च्या दुसऱ्या दिवशी पावसात हेडलाइट अधूनमधून विझायला लागला. हब व्यवस्थित होता, दिवाही व्यवस्थित होता. हबच्या टोकाला बसणारी पत्र्याची पिन आतून हिरवी पडली होती आणि धक्क्यासरशी सैल होत होती. दुकानातून तयार करून आलेल्या वायरला ओल अडवणारं आवरणच नव्हतं. इतक्या महत्त्वाच्या जागी ही हयगय मला अजूनही खटकते. पिन खरवडून, चिमट्याने दाबून ती रात्र निभावली. आता प्रत्येक जोडावर डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि उष्णतेने आवळणारी नळी आहे, आणि सुट्या पिना टूल बॅगेत असतात. नवीन जोडणी करणाऱ्यांनी पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत, वायर आणि जोड चांगलेच घ्यावेत. पंक्चरला पुढचं चाक काढताना पिन उपसावी लागते, थंड बोटांनी ते काम किचकट होतं. तिथे एका हाताने निघणारा कनेक्टर असेल तर फार बरं.

तयारीच्या अंगाने सांगायचं तर मालिकेतल्या ४०० ने सगळ्यात जास्त शिकवलं. २७ तासांची मर्यादा म्हणजे पहाटे निघालं तर पूर्ण रात्र मधे येते, आणि झोपायला वेळ मात्र जवळपास नसतो. ६०० मध्ये माणूस निदान थोडा वेळ आडवा होतो. ४०० मध्ये रात्र सरळ पेलावी लागते. दिव्याचा कोन, बॅगेची सावली, स्विच हातमोज्यांतून सापडतो का, हे सगळं तिथेच उघड झालं. कोन ठरवण्याचं काम दिवसा होत नाही. पूर्ण सामान लादून, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवून, मोकळ्या अंधाऱ्या रस्त्यावरच ते करावं, कारण पुढे वजन वाढलं तरी झोत खाली उतरतो. जे थेट मोठ्या राइडच्या आदल्या आठवड्यात हब बसवतात, त्यांना मी कळकळीने सांगेन की एक पूर्ण रात्र तरी आधी चालवा.

आणि मग १२००. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १८९१ पासूनची, आता चार वर्षांतून एकदा होणारी राइड, तिथे ९० तासांचा गट संध्याकाळी सुटतो. संध्याकाळी सुटलेल्या ९० तासांत चार रात्री मोजाव्या लागतात. माझ्या १२०० मध्येही निघाल्यानंतर थोड्याच वेळात अंधार झाला. पहिल्या रात्री सगळेच ताजे असतात, सगळ्यांचे दिवे लख्ख असतात. दुसऱ्या रात्री फरक दिसतो. आजूबाजूचे लोक दिवा मंद करून चालवत होते, पुढच्या कंट्रोलपर्यंत बॅटरी पुरेल का ते मोजत होते, उतारावर नाइलाजाने ब्रेक दाबत होते. झोप नसलेल्या डोक्याला बेरीज-वजाबाकीही जड जाते. खाणं, पाणी, वेळ, पुढचं वळण, झोप कुठे घ्यायची, एवढं सांभाळताना एक पूर्ण विषय कमी असणं ही फार मोठी गोष्ट आहे. मी उतारावर पूर्ण उजेडात उतरत होते आणि त्याचा विचारही करत नव्हते. या हबचं जे काही मोल आहे ते माझ्या लेखी इथे आहे, वॅट आणि ग्रॅम त्यानंतर. तिसऱ्या रात्री डोळे मिटायला लागल्यावर मात्र कुठलाही दिवा उपयोगाचा नसतो, तेव्हा थांबून झोपावंच लागतं.

घ्यायचा का? २०० आणि ३०० पर्यंतच जाणार असाल तर नको. एक चांगला बॅटरीचा दिवा आणि एक पॉवर बँक पुरते, ३०० मधला रात्रीचा भाग त्यावर सहज निघतो. ४०० काठावर आहे. ६०० आणि पुढे, विशेषतः ज्यांना मर्यादेच्या जवळ चालवावं लागतं आणि म्हणून जास्त तास अंधारात जातात, त्यांनी घ्यावा. वेगवान रायडर, ज्यांची सामानाची बॅग आयोजक पुढच्या थांब्यावर नेऊन ठेवतात, त्यांना भरलेल्या बॅटऱ्या तिथे मिळतात, त्यांचं त्याविना भागतं. बजेट कमी असेल तर आधी हब आणि हेडलाइट घ्या, चार्जर नंतर. माझ्या वापरात चार्जर सोयीचा आहे, दिवा गरजेचा.

हबचं बेअरिंग अजून गुळगुळीत फिरतंय, पाण्यातून इतकं जाऊनही ढिलेपणा आलेला नाही. ते घरी उघडायचं काम नाही, बिघडलं तर उत्पादकाकडेच पाठवावं लागेल आणि तेवढे दिवस दुसरं चाक लागेल, हे घेतानाच लक्षात घ्या. स्पोकचा ताण मालिकेनंतर एकदा पाहून घेतला, चाक सरळ आहे. पुढच्या हंगामासाठी हब आणि हेडलाइट आहेत तसेच ठेवणार. चार्जर बदलायचा विचार आहे, कमी वेगाला लवकर सुरू होणारा मिळाला तर.