लॉकवाले म्हणून मला भलतेच कनेक्टर विकले

पंधरा मीटर उंचीवर ड्रोन लॉइटर मोडमध्ये एका जागी उभा होता. वारा बेताचा, बॅटरी अर्ध्याहून जास्त. मी स्टिकला हातही लावला नव्हता आणि तो डावीकडे सरकायला लागला. आधी हळू, मग वेग घेत. ट्रान्समीटरवर ईकेएफ फेलसेफचा, म्हणजे ड्रोनला आपल्या जागेचा अंदाज राहिला नसल्याचा, इशारा आला, मोड आपोआप ‘लँड’वर गेला आणि ड्रोन तिरका सरकत खाली यायला लागला. जीपीएस गेल्यावर लँड मोड फक्त उंची कमी करतो, जागा धरून ठेवत नाही. आडवं सरकणं स्टिकने आपणच सावरायचं असतं. ते माहीत होतं म्हणून मी त्याला कसंबसं मोकळ्या गवतावर आणलं. दोन प्रॉपेलर आणि एक पाय मोडला. खाली कुणी नव्हतं, कुणाला लागलं नाही. पण वीस-पंचवीस पावलांवर माणसं उभी होती, आणि ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

ड्रोन उचलून वरचं झाकण काढलं. जीपीएसची दहा पिनांची केबल फ्लाइट कंट्रोलरवर, म्हणजे ड्रोनला उडवणाऱ्या मुख्य बोर्डावर, जागच्या जागी दिसत होती. बोट लावलं तर हलली. वाकून नीट पाहिलं, तर लाल तारेच्या बाजूने हाउसिंग, म्हणजे केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं तोंड, जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर सरकलेलं. लाल तार म्हणजे पहिली पिन, म्हणजे पाच व्होल्टचा पुरवठा. माझ्याकडच्यासारख्या पिक्सहॉक जातीच्या फ्लाइट कंट्रोलरवर या एकाच कनेक्टरमधून जीपीएस येतो, कंपासही येतो. तो पुरवठा तुटला की दोन्ही एकदम गप्प.

लॉग, म्हणजे ड्रोनने ठेवलेली उड्डाणांची नोंद, उघडला तेव्हा कळलं की हे त्या दिवशी अचानक झालेलं नव्हतं. आधीच्या दोन उड्डाणांतही थ्रॉटल, म्हणजे मोटारींचा जोर, वाढवला की उपग्रहांचा आकडा काही क्षण शून्यावर जाऊन परत येत होता. तेव्हा ‘जीपीएस ग्लिच’ असा संदेश दिसला होता आणि मी तो आभाळाच्या खात्यावर टाकला होता. दोष आभाळाचा नव्हता. लॉक म्हणून जे मला विकलं गेलं, ते लॉक नव्हतंच.

मी काय मागवलं होतं ते सांगतो. सहा आणि दहा पिनांच्या तयार केबली, काही सुटी हाउसिंग आणि दोन्ही टोकांना क्रिंप केलेल्या, म्हणजे धातूची पिन दाबून बसवलेल्या, सुट्या तारा असा एक संच. वर्णनात स्पष्ट लिहिलेलं: जेएसटी जीएच (ही लॉकवाल्या कनेक्टरची मालिका), लॉकसहित, पिक्सहॉकसाठी, सिलिकॉन तार. फोटोत हाउसिंगच्या पाठीवरची दाबायची छोटी पट्टी स्वच्छ दिसत होती. तरी मी घेण्याआधी संदेश पाठवून विचारलं, ‘हे जीएचच आहे ना? लॉक बसतं ना?’ उत्तर आलं, ‘हो सर, ओरिजिनल आहे, शंभर टक्के चालेल.’

पिशवी आली. वरच्या चार केबली काढून त्यातली एक बोर्डावर लावून पाहिली. टक् असा बारीक आवाज आला, ओढून पाहिली तर हलेना. समाधान झालं आणि पिशवी खणात गेली. पुढे लागेल तशी एकेक केबल काढत गेलो. जीपीएसची केबल त्या चारींच्या खालची होती.

अपघातानंतर सगळी पिशवी टेबलावर ओतली आणि भिंग घेऊन बसलो. वरच्या चार खऱ्या होत्या. त्याखालच्या बऱ्याचशा केबलींवर पट्टी होती, पण नावापुरती. खऱ्या हाउसिंगच्या पट्टीवर एक बारीकसा उंचवटा असतो, तो हेडरच्या, म्हणजे बोर्डावरच्या सॉकेटच्या, खाचेत अडकतो. त्याची मागची कड सरळ कापल्यासारखी असते, नखाला लागते. या नकली हाउसिंगवर ती कड घासून गेल्यासारखी गोल होती, नख सरळ वरून निसटत होतं. पट्टीलाही उसळी नव्हती. एकदा दाबली की दबलेलीच राहायची. केबल आत जाते, दिसायला घट्ट बसते, पण धरून ठेवणारं काहीच नाही. मोटारींची थरथर सुरू झाली की केसाकेसाने बाहेर येते. आणि अगदी तळाला जे होतं त्याला पट्टीच नव्हती. ती मोलेक्स या दुसऱ्या कंपनीच्या पिकोब्लेड कनेक्टरसारखी दिसणारी हाउसिंग होती. ती जीएचच्या हेडरमध्ये बसणारच नाहीत.

चांगला माल वर आणि खोटा खाली, हे नजरचुकीने होत नाही. पिशवी भरणाऱ्याला खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे नेमकं ठाऊक होतं, म्हणूनच ते अशा क्रमाने भरलं गेलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

यात शब्दांचाही खेळ आहे आणि नव्याने शिकणारी मुलं त्यातच अडकतात, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. जेएसटी हे एका जपानी कंपनीचं नाव आहे, कुठल्या एका कनेक्टरचं नाही. तिच्या अनेक मालिका आहेत आणि दोन पिनांमधल्या अंतरावरून त्या ओळखता येतात: एसएच १ मिलिमीटर, जीएच १.२५, झेडएच १.५, पीएच २, एक्सएच २.५. रेसिंग ड्रोनच्या छोट्या बोर्डांवर बहुतेक वेळा एसएच असतो. त्याला लॉकची पट्टी नसते, तो नुसता घट्ट बसण्यावर टिकतो. पिक्सहॉकच्या मानकात जीएच घेतला आहे, तो लॉकसाठीच. आता गोम अशी की मोलेक्सचा पिकोब्लेडही १.२५ चाच आणि जुन्या पिक्सहॉकवरचा हिरोसेचा डीएफ१३ सुद्धा १.२५ चाच. अंतर सारखं, पण तोंडं वेगळी. ‘जेएसटी १.२५’ एवढंच लिहिलं की विकणाऱ्याला यातलं काहीही पाठवायची मुभा मिळते, आणि फोटो मात्र जीएचचा लावता येतो. मोजपट्टी लावूनही तुम्हाला फरक कळणार नाही, कारण सहा पिनांचं पहिल्या ते शेवटच्या पिनेचं अंतर तिन्हींमध्ये ६.२५ मिलिमीटरच भरतं.

त्या दुपारी आणखी बरंच बाहेर आलं. एका तारेला हलकेच ओढ दिली तर ती क्रिंपमधून निसटून हातात आली. क्रिंपच्या पुढच्या पंखांनी तांबं धरायचं आणि मागच्या पंखांनी वरचं आवरण, अशी त्याची रचना असते. इथे मागचे पंख आवरणाला टेकलेसुद्धा नव्हते. सगळा ताण त्या पाच-सात बारीक तंतूंवर. सिलिकॉन म्हणून सांगितलेल्या आवरणाला सोल्डरिंग आयर्नचं टोक लावलं तर ते मेणासारखं वितळून मागे सरकलं. सिलिकॉन असं वितळत नाही. तंतू ब्लेडने खरवडले तर आतपर्यंत पांढरेच. कल्हई केलेलं तांबं खरवडलं की आत लालसर दिसतं, इथे लाल कुठेच नव्हतं.

जीएचची एक पिन फार तर १ अँपिअरची, तीही त्याला चालणाऱ्या सगळ्यात जाड तारेवर, म्हणजे २६ गेजवर. म्हणून तर पिक्सहॉकच्या पॉवर मॉड्यूलच्या सहा पिनांत पुरवठ्याला दोन आणि ग्राउंडला दोन तारा दिलेल्या असतात. असल्या क्रिंपमधून त्यातली एक सुटली तर सगळा भार दुसरीवर येतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. जीपीएस गेला तर ड्रोन निदान हातात राहतो. फ्लाइट कंट्रोलरचा पुरवठा हवेत गेला तर तो दगडासारखा पडतो. ती केबलही मी याच पिशवीतली लावणार होतो.

एक सहा पिनांची केबल तर एका टोकाला उलटी भरलेली निघाली. मल्टिमीटर बीपवर ठेवून पिनेला पिन तपासत होतो, तर पहिली पिन समोरच्या सहाव्या पिनेशी बोलायला लागली. पिक्सहॉकच्या टेलिमेट्री पोर्टवर, म्हणजे जमिनीवर माहिती पाठवणारा रेडिओ जिथे लागतो तिथे, पहिली पिन पाच व्होल्ट आणि सहावी ग्राउंड. ती केबल लावली असती तर रेडिओला उलटा पुरवठा गेला असता. रंगांवर भरवसा ठेवला असता तर मी लावलीच असती.

नकली लॉकचा एक उलटा प्रकारही माझ्या वाट्याला आला, तो इथेच सांगून टाकतो. एका केबलची पट्टी दाबली तरी सुटेना. चिमट्याच्या टोकाने दाबून, तारांना हात न लावता, हाउसिंग दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू मागे घेत होतो. तरी हेडर बोर्डावरून उखडला आणि त्याच्याबरोबर दोन पॅड, म्हणजे बोर्डावरचे सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके, निघून आले. हे हेडर बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले असतात. पॅड उखडला की तो पोर्ट गेला म्हणायचा. तारेने जोड देऊन पाहिला, पण उडवायच्या बोर्डावर असल्या जोडाचा भरवसा कोण धरणार? तो पोर्ट मी सोडून दिला.

आता विक्रेत्याचं वागणं. पहिला संदेश केला तेव्हा उत्तर आलं, ‘तुम्ही उलटा लावला असेल.’ हाउसिंग उलटं जातच नाही, असं कळवलं. मग व्हिडिओ मागितला. मी खरी आणि खोटी केबल शेजारी शेजारी ठेवून, एकाच हेडरमध्ये लावून, एकाच बोटाने ओढून दाखवली. खरी जागची हलली नाही, खोटी अलगद बाहेर आली. त्यावर, ‘वापरलेला माल परत घेत नाही.’ मी न वापरलेल्या केबलींचेही फोटो पाठवले. मग, ‘क्रिंप तुमच्या ओढण्याने सुटले.’ ही टोलवाटोलवी परत करायची मुदत संपायला दोन दिवस उरेपर्यंत चालली. उशीर करणं हाच त्यांचा डाव होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. शेवटी निम्मे पैसे देतो, पण लिहिलेला अभिप्राय काढून टाका, असा प्रस्ताव आला. तो मी धुडकावला. अभिप्राय काढला असता तर पुढचा माणूस त्याच पिशवीला फसला असता.

दरम्यान विक्रीच्या पानावरचं वर्णन बदललं. ‘जीएच’ गेलं, ‘लॉकसहित’ गेलं, राहिलं फक्त ‘जेएसटी १.२५ कनेक्टर संच’. फोटो तोच. माझ्याकडे आधीच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट होता आणि विकत घेण्यापूर्वीचा तो ‘हो सर, ओरिजिनल’वाला संदेश होता. ज्या संकेतस्थळावरून घेतलं त्यांच्याकडे तक्रार करताना हे दोन्ही जोडले, आणि त्याच जोरावर संचाचे पैसे परत मिळाले. प्रॉपेलर, पाय आणि पोर्ट यांचं काहीच मिळालं नाही. म्हणून सांगतो, वर्णनाचा स्क्रीनशॉट घ्या, प्रश्न लेखी विचारा, आणि प्रश्नात ‘चालेल का’ असं विचारू नका. मालिका कोणती आणि भाग क्रमांक काय, एवढंच विचारा. सहा पिनांच्या जीएच हाउसिंगचा क्रमांक जीएचआर-०६व्ही-एस असा असतो, मधला आकडा पिनांचा. ज्याच्याकडे खरा माल आहे तो क्रमांक सांगतो. ज्याच्याकडे नाही तो ‘सर, सेम आहे’ म्हणतो.

पिशवी आल्या दिवशीच सगळी ओता. वरची एक तपासून थांबू नका, माझी चूक तीच झाली. प्रत्येक हाउसिंगच्या पट्टीवर नख फिरवा, कड लागली पाहिजे. शक्य असेल तर चांगल्या बोर्डावर न तपासता एखादा सुटा हेडर किंवा जळका बोर्ड त्यासाठी ठेवा. लावून, पट्टीला हात न लावता, हाउसिंग धरून मागे ओढा. मग एकेक तार हलकी ओढा, आणि शेवटी बीपवर पिनेला पिन तपासा. दहा पिनांच्या केबलला या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

इतकं करूनही उडवण्याआधी मी आता तारांचा पहिला इंच बोर्डाच्या चौकटीला बांधतो, म्हणजे थरथरीचा ताण कनेक्टरवर येत नाही. जीपीएस ग्लिचचा एकही संदेश आला तरी त्या दिवशी पुढचं उड्डाण नाही, आधी लॉग.

चार खऱ्या केबली मी ठेवल्या. बाकीची पिशवी कटर घेऊन बसलो आणि प्रत्येक हाउसिंग मधोमध कापलं, एकही सोडलं नाही. नुसती कचऱ्यात टाकली असती तर कुणीतरी शिकणारं पोर ती उचलून वापरणार, अशी भीती वाटत होती. जीपीएसची ती एक केबल मात्र तशीच ठेवली आहे. कुणी ड्रोन जोडायला शिकायला आलं की आधी तिच्या पट्टीवर नख फिरवायला सांगतो, आणि मग खरीवर.